पेठेतल्या दुकानातलं घेवड्याचं बी: पाकीट घेऊ नका, डबा उघडायला सांगा

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. तक्रार अर्धी त्यांची आणि अर्धी माझीच आहे, शिवाय मालक माणूस म्हणून चांगले आहेत, उगाच कशाला. पुण्याच्या पेठांमध्ये जी जुनी बियाण्यांची दुकानं आहेत ना, लाकडी काउंटर, मागे पत्र्याच्या डब्यांची रांग, वर टांगलेले फवारणीचे पंप, त्यातलंच एक समजा. गेल्या जूनमध्ये तिथून ‘किचन गार्डन बीन्स कॉम्बो’ घेतला, सहा पाकिटं २४० रुपये. निघताना मालकांनी “हे पण लावून बघा” म्हणून मागच्या डब्यातनं सुट्टं बी काढून कागदाच्या दोन पुड्या बांधून दिल्या, एक गवार, एक घेवडा, दोन्हीचे मिळून २० रुपये. आता संक्रांत होऊन गेली, सगळं पेरून तोडून शिजवून खाऊन झालंय म्हणून लिहायला बसलो. स्टार द्यायचे तर कॉम्बोला पाचपैकी दोन आणि पुड्यांना पाच. आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

धायरीत आमचा वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, त्याला लागून टेरेस. आठ ग्रो बॅग आणि रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्या, खाली भोकं पाडून. माती म्हणजे लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट. व्हीआरएस घेतल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे आहे, बायको नोकरीला जाते, त्यामुळे बादलीपासून कढईपर्यंत सगळी जबाबदारी माझीच, आणि बोलणीही मलाच.

पहिली गंमत नावांची. पाकिटांवर सगळीकडे नुसतं ‘बीन्स’. आता पुण्यात भाजीवालीकडे जाऊन बीन्स द्या म्हटलं की ती विचारणार कुठल्या? श्रावण घेवडा म्हणजे गोल, बारीक, मुंबईकर जिला फरसबी म्हणतात ती. नुसता घेवडा म्हटलं की चपटा, रुंद, वालाच्या जातीचा. त्यातलाच दाणा भरलेला घ्यायचा असला की पावटा म्हणायचं, आणि वालपापडी वेगळी मागायची. शिवाय गवार, चवळीच्या शेंगा. घेवडा हे नाव दोघांच्या मागे लागलंय पण श्रावण घेवडा आणि वालाचा घेवडा ही झाडं एकमेकांची सख्खी सोडा, चुलतसुद्धा लांबची आहेत, फरसबी मूळची अमेरिका खंडातली आणि वाल आपल्याकडे कित्येक पिढ्या मुरलेला. हे सगळं एका ‘बीन्स’मध्ये कोंबलं की काय गोंधळ होतो ते पुढे येतंच.

कॉम्बोत होतं काय तर हिरवी झुडपाची फरसबी, हिरवी वेलाची फरसबी, पिवळी, जांभळी, हातभर लांब चवळी आणि चार कडांची शेंग असते ती चौधारी. प्रत्येकात १० ते १२ बिया. पाकिटाच्या मागच्या बाजूला ‘भरपूर सूर्यप्रकाश, योग्य पाणी, योग्य खत’. योग्य म्हणजे किती बाबा? ते माहीत असतं तर पाकीट वाचलं कशाला असतं.

पहिली चूक माझी. हरभरा-मूग भिजवतो तसं फरसबीच्या एका पाकिटातलं सगळं बी रात्रभर पाण्यात घातलं. सकाळी फरसबीच्या बिया टम्म फुगून काहींची सालंच सुटली होती, तरी पेरल्या, त्यात चार दिवस पावसाची झड लागली, १२ पैकी ३ उगवल्या, बाकीच्या उकरून बघितल्या तर मऊ होऊन वास मारत होत्या. फरसबीचं बी कोरडंच टोकायचं, इंचभर खोल, एकदा पाणी द्यायचं आणि कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवायची, आठवड्याभरात वर येतं. दुसऱ्या खेपेला तसं केलं आणि जवळपास सगळं उगवलं. याच्या बरोबर उलट चौधारीचं. भिजवून एकदा फसलो म्हणून राखून ठेवलेल्या चौधारीच्या दहाही बिया कोरड्या लावल्या आणि एकसुद्धा आली नाही. नंतर कळलं तिचं टरफल दगडासारखं असतं, तिलाच भिजवायला हवं होतं, नाहीतर कडेला जरासं घासून लावायचं. ही एक ओळ पाकिटावर छापली असती तर काय शाई संपली असती का?

कबुतरांचा विषय निघाला की मी थांबत नाही म्हणून एवढंच सांगतो की फरसबीचा कोंब वर आल्यावर जी पहिली दोन जाड पानं असतात ती कबुतरांना भयंकर आवडतात. जाळी लावा.

आता खरी तक्रार. ‘झुडूप’ लिहिलेलं पाकीट मी कठड्याजवळच्या बादल्यांत लावलं, म्हटलं दीड फुटाची झाडं राहतील, शोभेला बरी. ‘वेल’ लिहिलेलं मधल्या बॅगांत लावलं आणि त्याच्यासाठी बांबू, सुतळी आणून एक रविवार घालवून सहा फुटी मांडव उभा केला. तीन आठवड्यांनी काय बघतो तर मांडवाखाली गुडघ्याएवढी झुडपं निवांत बसलीत आणि कठड्यावरची पोरं सुसाट सुटलीत, डिशच्या वायरला धरून शेजारच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीपर्यंत. काकूंनी बेल वाजवून सांगितलं, “तुमच्या शेंगा आमच्या गाऊनला लागल्यात.” आमची लेक दोन दिवस हसत होती. लेबलं सरळसरळ उलटी लागली होती. दुकानात सांगायला गेलो तर मालक म्हणाले, “स्टिकर पोरं लावतात हो साहेब,” आणि वर दोन पाकिटं फुकट दिली. वागणूक चांगली, त्याबद्दल वाद नाही. पण दोन्हींची शेती वेगळी असते हो. झुडपाची फरसबी दीड-दोन महिन्यात तोडायला येते आणि सगळी एकदम, दोन-तीन आठवड्यात खेळ खलास. वेलाची जरा उशिरा सुरू होते पण पुढे बरेच दिवस थोडी थोडी देत राहते. चार माणसांच्या घराला वेल परवडतो. झुडूप लावायचं तर दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरत जायचं, नाहीतर एका आठवड्यात रोज फरसबी आणि नंतर काही नाही.

तोडायच्या बाबतीत एक सांगतो, आळस करू नका. एक दिवसाआड टेरेसवर जायचंच. एकदा आम्ही चार दिवस गावाला गेलो आणि आल्यावर शेंगा निबर, आत दाणे टचटचीत, आणि झाडावर नवी फुलं दिसेनात. बी भरायला लागलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं. कोवळी शेंग वाकवली की टक्कन मोडते आणि मोडलेल्या जागी पाण्याचा बारीक थेंब येतो, तीच वेळ. वाकवल्यावर नुसती वाकली आणि दोरा लोंबला तर ती उसळीची झाली समजायची.

पिवळी फरसबी दिसायला सुंदर, चवीला ठीकठाक, शिजल्यावरही पिवळी राहते एवढंच कौतुक. जांभळीने मात्र घरात कल्लोळ केला. शेंगा इतक्या देखण्या की लेकीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले आणि दोघींना जेवायलाच बोलावलं, जांभळी भाजी दाखवते म्हणून. मी हौसेने फोडणी दिली, झाकण ठेवलं, पाच मिनिटांनी झाकण काढलं तर आत साधी हिरवी फरसबी. लेक माझ्याकडे असं बघायला लागली की मीच बदलली. तो जांभळा रंग सालीत वरवर असतो, जांभळ्या कोबीत असतो त्याच जातीचा, उष्णतेने मोडतो आणि खालचा हिरवा उघडा पडतो. मग कच्चीच सॅलडमध्ये घालू म्हणाली तर त्याला मी साफ नाही म्हटलं. कच्च्या फरसबीत आणि त्याहून जास्त राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याने पोट बिघडतं, नीट शिजवलं की ते जातं. तेव्हा जांभळी लावा, झाडावर बघा, फोटो काढा, भाजीत काही चमत्कार होणार नाही. जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही.

हातभर चवळी बिनतक्रार आली, कॉम्बोतले दोन स्टार तिचेच. फक्त मावा. काळा मावा शेंड्यांवर आणि कोवळ्या शेंगांवर असा चिकटतो की तीळ लावल्यासारखं दिसतं, आणि मुंग्या त्याची राखण करतात. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबतेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, तीन-चार दिवसांनी परत. पण आधी बघून घ्या, लाल ठिपक्यांचे ढालकिडे आले असतील तर फवारू नका, ते मावा खातात. माझ्या एका बादलीत त्यांनी आठवड्यात साफसफाई केली, मी नुसता चहा घेऊन बघत होतो.

आता वीस रुपयांच्या पुड्या. गवार तर नमस्कार करावा अशी निघाली. जुलैत टोकली, ना आधार लागला ना कीड, एक सरळ दांडा आणि त्याच्या पेरापेराला शेंगांचे घोस. तोडताना हाताला थोडी खाज येते एवढंच. सहज सांगतो, हिच्याच वाळलेल्या बियांचा डिंक अमेरिकेत तेल-वायूच्या विहिरींना लागतो, आणि आपल्याकडे मुलं ताटात बाजूला सारतात. आईने ती ओवा-लसणाची फोडणी देऊन, लाल भोपळ्याच्या फोडी घालून केली. ओवा कशाला तर गवार वातूळ म्हणून. आई मूळची साताऱ्यातल्या कोरेगावकडची त्यामुळे तिच्या हातात कांदा-लसूण मसाला, बायको सदाशिव पेठेतली त्यामुळे तिला गोडा मसाला आणि गुळाचा खडा लागतो, आणि मी मधे कढई धरून उभा.

घेवड्याची पुडी हा या सगळ्यातला खरा विषय. जूनच्या अखेरीस चार बिया लावल्या, चारही उगवल्या, आणि मग वेल जो निघाला तो त्या रिकाम्या मांडवावर चढला, मांडव संपल्यावर टाकीच्या पाइपवर, तिथून पत्र्यावर. पानं तळहाताएवढी. ऑगस्ट गेला, गणपती झाले, फूल नाही. एक कळी नाही. काकू म्हणाल्या सावलीला बरा आहे. सप्टेंबरच्या शेवटी मी तावातावाने दुकानात गेलो.

“काका, तीन महिने झाले, नुसता पाला आहे.”

त्यांनी पेपर खाली केला. “सुट्टा दिला होता तो ना? खत काय घालताय?”

“शेणखत, आणि तुमच्याकडचंच ते दाणेदार.”

“ते आधी बंद करा. आणि दिवाळीपर्यंत थांबा.”

“दिवाळी?”

“दिवस लहान झाल्याशिवाय तो कळी धरत नाही साहेब. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, तो त्याच्याच वेळेला येणार.”

मला वाटलं टोलवतायत. घरी येऊन चिडचिड केली, आईला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, “मग बरोबरच सांगितलं की त्यांनी, घेवडा थंडीतच खायचा असतो.” हे तिने जूनमध्ये का नाही सांगितलं तर म्हणे तू विचारलंस कुठे. पण गोष्ट खरी आहे. वालाच्या बहुतेक गावरान जाती लहान दिवसाच्या, म्हणजे रात्र लांबायला लागली की मगच फुलोरा धरणाऱ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण भूषण नावाची जात आहे, ती दिवस-रात्र बघत बसत नाही, कधीही लावा फुलते, ज्यांना धीर नाही त्यांनी ती शोधावी. आणि खताचंही त्यांचं बरोबर होतं. या शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, वरून आपण अजून नत्र ओतलं की झाड नुसतं पाल्यात रमतं. संपलेलं फरसबीचं झुडूप उपटलं तेव्हा मी त्या गाठी बघितल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एक नखाने फोडली तर आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे चालू कारखाना.

दिवाळीच्या आठवड्यात पहिला तुरा दिसला. मग दहा दिवसांत सगळा मांडव जांभळ्या तुऱ्यांनी भरला, भुंगे यायला लागले, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून शेंगा. किती म्हणाल तर आठवड्याला किलोच्या वर, चार वेलांना. आम्ही खाल्ल्या, काकूंना दिल्या, वॉचमनला दिल्या, बायकोच्या ऑफिसात गेल्या. बाजारातल्या घेवड्याला तो वास नसतो हो, तोडून तासाभरात चिरला की येतो तो, ओल्या गवतासारखा आणि थोडा उग्र.

आईची पद्धत लिहून ठेवतो कारण सगळ्यांनी मागितली. घेवड्याच्या दोन्ही कडांचे दोरे काढायचे, नीट काढायचे, यात कंटाळा केला तर जेवताना दातातून ओढत बसाल. सुरीने चिरायचा नाही, हातानेच मोडायचा, मोडताना आतली कीड दिसते. तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, चिमूटभर ओवा, हळद, मग घेवडा घालून चांगला परतायचा. पाणी कढईत नाही, झाकणात. ताटलीवर पाणी ठेवायचं आणि त्या वाफेवर शिजवायचा, मधे दोनदा हलवायचा. शेवटी कांदा-लसूण मसाला, मीठ, दाण्याचं जाडसर कूट. गरम असताना ज्वारीच्या भाकरीबरोबर. बायको म्हणते यात गूळ हवा. तिने एकदा तिच्या पद्धतीने केला, गोडा मसाला, गूळ, वर ओलं खोबरं, आणि खरं सांगायचं तर तोही मी दोनदा वाढून घेतला, पण हे आईला सांगू नका.

श्रावण घेवड्याला मात्र एवढा मसाला नको, बारीक चिरून हिरवी मिरची, जिरं आणि ओलं खोबरं बस. त्याच्या निबर झालेल्या शेंगा फेकू नका. मी वेलावर तशाच वाळू दिल्या आणि दाणे काढून उसळ केली. राजमा आणि फरसबी एकच जात आहे, एक कोवळी खायची एक वाळवून. आईच्या माहेरचा वाघ्या घेवडा पण त्यातलाच, दाण्यावर वाघासारखे लाल पट्टे, कोरेगावच्या त्या वाघ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. आई दाणे बघून म्हणाली, “आमच्या वाघ्याची सर नाही.” ठीक आहे.

आणि भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत यंदा घेवडा घरचा, पावट्याचे दाणे घरचे, वांगं पण घरचं एक. गाजर, ओला हरभरा, बोरं आणि ऊस मंडईतनं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. काकूंना डबा दिला तर दुसऱ्या दिवशी त्यात तिळाच्या वड्या घालून परत आला. गाऊनचं प्रकरण मिटलं.

बी धरायचं असेल तर फरसबी आणि वाल दोन्ही सोपे आहेत, फूल उमलायच्या सुमारास स्वतःचं स्वतः फळतं, भेसळ फार होत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी तेच झाड येतं. सगळ्यात चांगल्या वेलाच्या पहिल्या बहरातल्या शेंगा राखायच्या, हलवल्यावर खुळखुळ वाजेपर्यंत वाळवायच्या. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बँक उभी केली, त्यात वालाचे कितीतरी प्रकार आहेत, त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढे माझी एक कॉफीची बरणी म्हणजे काहीच नाही, पण माझ्या बरणीत राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला घातलेला मूठभर घेवडा आहे आणि मी तो सगळ्यांना दाखवतो. बी पोखरणाऱ्या भुंग्याची भीती असेल तर बी खडखडीत वाळल्यावर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा.

उन्हाळ्यात कुणी फरसबी लावायला सांगितलं तर ऐकू नका. मागच्या मार्चमध्ये याच दुकानातल्या पोराने मला ते पण विकलं होतं, फुलं आली आणि पारा ३५च्या पुढे गेल्यावर सगळी गळून पडली. मला जुलैची आणि ऑक्टोबरची पेरणी जमली.

तर दुकानाबद्दल: कॉम्बो घेऊ नका. काउंटरवरच्या पोराशी बोलू नका, मालक असतील तेव्हा जा, ते साधारण सकाळी ११च्या आत असतात. नुसतं बीन्स म्हणू नका, घेवडा म्हणा, श्रावण घेवडा म्हणा, गवार म्हणा, आणि मागच्या डब्यातला सुट्टा द्या म्हणा. कधी लावायचा, कधी येणार हे त्यांच्याकडून पुडीवरच पेनने लिहून घ्या, ते लिहून देतात, अक्षर वाचता येत नाही पण परत विचारता येतं. सुट्टे पैसे न्या, फोनवरचं पेमेंट घेतात पण २० रुपयांसाठी कोड पुढे करत नाहीत. चौधारी भिजवून परत लावणार आहे, ती आली तर इथेच सांगीन.